निर्मळ हातांचा कारखानदार : अर्देशीर गोदरेज

थोर पुरुषांची चरित्रे सांगताना रणांगणे, सिंहासने आणि गाजलेल्या सभा यांची वर्णने करण्याचा प्रघात आहे. आज आम्ही जे चरित्र सांगणार आहोत, त्याचा आरंभ मात्र नदीच्या घाटावर आणि साबणाच्या एका साध्या वडीपासून होतो.

मागील हिवाळ्यात आमच्या शाळेची सहल माळव्यात गेली होती. उज्जयिनीस आमचा मुक्काम क्षिप्रेच्या काठी रामघाटाजवळच्या एका धर्मशाळेत होता. दर बारा वर्षांनी सिंहस्थाच्या पर्वात लक्षावधी यात्रेकरू ज्या घाटांवर स्नानाला लोटतात, त्यांत हा घाट प्रमुख होय. मागचे पर्व २०१६ साली झाले. पुढचे २०२८ साली यावयाचे आहे. माळव्यात मराठी माणूस परका नाही. राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी अठराव्या शतकात महाकालेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. घरी कोकणी बोलणाऱ्या आमच्यासारख्या शिक्षकास हे नाव तेथे ऐकताना अंमळ अभिमान वाटला, हे कबूल करावयास हरकत नाही.

पहाटे आम्ही मुलांना घेऊन घाटावर गेलो. धुके होते, पायऱ्या ओल्या होत्या आणि समोरच्या तीरावरील दत्त आखाड्याच्या बाजूने घंटानाद येत होता. आमच्यापासून दोन पायऱ्या खाली एक वृद्ध बाई पाय धूत बसल्या होत्या. आमचे मराठी बोलणे कानी पडताच त्यांनी आपणहून चौकशी केली. त्यांचे घराणे कित्येक पिढ्यांपूर्वी पुणे प्रांतातून इकडे आलेले होते. त्यांच्या हाताला चिखल लागलेला पाहून आमच्या एका विद्यार्थिनीने आपली साबणाची वडी पुढे केली. आजीबाईंनी हसून हात मागे घेतला. नदीत साबण लावू नये, हे त्यांचे पहिले कारण. दुसरे कारण सांगताना त्या म्हणाल्या की, त्यांच्या आजेसासूबाई साबणाला देवघराच्या वाऱ्यासही उभा करीत नसत. कारण त्यात काय घातले आहे, हे कोणी सांगू शकत नसे. अंगाला हरभऱ्याचे पीठ, केसांना शिकेकाई, रेशमी वस्त्रांना रिठे आणि भांड्यांना राख, एवढ्यावर त्या घराचा सारा व्यवहार चालत असे. मग त्यांनी वडी हाती घेऊन उलटसुलट पाहिली आणि मुलीला विचारले की, ह्यात काय आहे, हे तुला तरी ठाऊक आहे काय?

मुलीने आमच्याकडे पाहिले. आम्ही वेष्टनावरील बारीक अक्षरे वाचली. सोडियम पामेट हे नाव पाम तेलापासून झालेल्या साबणाचे. त्या जागी सोडियम टॅलोएट असते, तर ते जनावराच्या चरबीचे असते. एवढे आम्ही सांगू शकलो. परंतु वेष्टनावर अशी अक्षरे नसतानाच्या काळात हा प्रश्न कोणी मनावर घेतला आणि त्याचे उत्तर वस्तूच्याच रूपाने कोणी दिले, हे सांगावयास घाटावर अवकाश नव्हता. परतीच्या प्रवासात आगगाडीत आम्ही मुलांना जी कथा सांगितली, तीच येथे विस्ताराने देत आहोत.

अर्देशीर बुर्जोरजी गोदरेज यांचा जन्म मुंबईत २६ मार्च १८६८ रोजी एका सुखवस्तू पारशी कुटुंबात झाला. वडील बुर्जोरजी आणि आजोबा सोराबजी यांचा जमीनजुमल्याचा व्यवसाय होता. सहा भावंडांत अर्देशीर थोरले. १८९० साली बच्चुबाई नावाच्या तरुण कन्येशी त्यांचा विवाह झाला. संसार मांडून पुरते वर्ष-दीड वर्षही लोटले नव्हते, तोच १८९१ साली मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई मनोऱ्यावरून पडून बच्चुबाई आणि त्यांच्यासमवेत असलेली एक नातलग तरुणी अशा दोघींचा अंत झाला. त्या घटनेने सारी मुंबई हादरली. तेवीस वर्षांच्या अर्देशीरांच्या मनावर काय आघात झाला असेल, याची कल्पनाच केलेली बरी. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. त्यांना अपत्यही नव्हते. पुढील आयुष्यात त्यांनी जे काही घडविले, त्याच्यामागे हे एकाकीपण सावलीसारखे उभे होते.

अर्देशीरांनी कायद्याचे शिक्षण घेतले आणि १८९४ साली एका खटल्याच्या कामासाठी त्यांना आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील झांजिबार बेटावर पाठविण्यात आले. तेथे एक विलक्षण पेच उभा राहिला. पक्षकाराच्या हितासाठी जे प्रतिपादन करावयास हवे होते, ते सत्य आहे अशी स्वतःची खात्री नसताना न्यायासनापुढे ते मांडणे त्यांना जमेना. वकिली हा मानाचा आणि धनाचा धंदा होता. घरची माणसे मोठ्या आशेने वाट पाहत होती. तरीही हा तरुण वकील मुंबईस परतला आणि त्याने त्या व्यवसायाला कायमचा रामराम ठोकला. वकील खोटेच बोलतात, असा याचा अर्थ विद्यार्थ्यांनी घेऊ नये. सत्यनिष्ठ वकिलांची परंपरा आपल्या देशात मोठी आहे. अर्देशीरांना आपल्या स्वभावाची मर्यादा कळली आणि ती त्यांनी लपविली नाही, एवढेच यातून घ्यावयाचे.

पुढे काय करावे? त्यांनी एका औषधविक्रेत्याकडे मदतनीस म्हणून काम धरले. औषधांच्या सान्निध्यात त्यांचे लक्ष शस्त्रक्रियेच्या उपकरणांकडे गेले. कात्र्या, चिमटे, सुऱ्या ही सारी सामग्री त्या काळी विलायतेहून येई. ती येथे का घडविता येऊ नये? वडिलांचे घर संपन्न असताही अर्देशीरांनी त्यांच्याकडे हात पसरला नाही. मेरवानजी कामा या वडिलांच्या परिचित गृहस्थांकडून त्यांनी ३,००० रुपये कर्जाऊ घेतले आणि उपकरणे तयार केली. माल उत्तम उतरला. तथापि, जो तो विकत घेणार होता, त्या व्यापाऱ्याची एक अट होती. उपकरणांवर विलायती ठसा असावा. ती हिंदुस्थानात घडली असे त्यांवर कोरले, तर कोणी घेणार नाही. व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तर ही केवळ एका ठशाची गोष्ट होती. अर्देशीरांच्या दृष्टीने तो ठसा म्हणजे पोलादावर कोरलेले असत्य होते. त्यांनी नकार दिला आणि धंदा बसला. झांजिबारला पेढी गेली, येथे कारखाना गेला. कारण मात्र दोन्ही वेळी एकच होते.

दोनदा अपयश आलेल्या माणसाला लोक हट्टी म्हणू लागतात. अर्देशीर हट्टी होतेच. मुंबईत घरफोड्यांचा सुळसुळाट झाल्याची वर्तमानपत्रांतील बातमी त्यांच्या वाचनात आली आणि कुलपांचा विचार त्यांच्या मनात रुजला. १८९७ च्या मे महिन्यात लालबाग भागात गॅस कंपनीच्या शेजारी एका लहानशा शेडमध्ये मोजके कारागीर घेऊन त्यांनी कुलपे बनविण्यास प्रारंभ केला. एकाच्या कुलपाला दुसऱ्याची किल्ली लागू नये, हा कुलपाचा धर्म. परंतु बाजारातील स्वस्त कुलपे तो पाळीत नसत. अर्देशीरांनी आपल्या कुलपाचा तो धर्म जपला आणि तशी हमी देऊन माल विकला. पुढे नव्या शतकाच्या आरंभी तिजोऱ्या आल्या. आगीत सापडली तरी आतील कागद शाबूत राहावेत, अशी तिची बांधणी असे. त्यांचे धाकटे बंधू पिरोजशा (१८८२–१९७२) यांनी कारखान्याची धुरा हाती घेतली आणि थोरल्याची शोधक बुद्धी व धाकट्याचे व्यवस्थापन यांचा सुंदर मेळ जमला.

आता आम्ही साबणाकडे येतो. कुलपांच्या कारखानदाराला साबणाची आठवण का झाली असावी, असे वाचकांस वाटेल. त्याचे उत्तर त्या काळाच्या परिस्थितीत आहे.

साबण हा पदार्थ समजून घेतल्यावाचून अर्देशीरांच्या कार्याचे मोल कळणार नाही. म्हणून थोडे रसायन सांगणे प्राप्त आहे. तेल किंवा चरबी यांवर तीव्र खाराची क्रिया झाली म्हणजे त्या स्निग्ध पदार्थाचे विघटन होऊन दोन नवे पदार्थ बनतात, एक साबण आणि दुसरे ग्लिसरीन. मिशेल शेव्रल या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी हे रहस्य उकलले आणि १८२३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. खाराची ओळख आपल्या पूर्वजांनाही होती. सुश्रुतसंहितेत क्षार सिद्ध करण्याचा एक स्वतंत्र अध्याय आहे. वनस्पतींची राख पाण्यात कालवून गाळावी, भाजलेल्या चुनखडीच्या योगाने ते पाणी तीक्ष्ण करावे आणि लोखंडी पात्रात तोंड बंद करून ठेवावे, असा तो विधी. तीक्ष्ण क्षाराचा उपयोग तेथे शस्त्रकर्माच्या जागी रोगट मांस जाळण्यासाठी सांगितला आहे. परीट कपडे भट्टीत घालीत तेही खाराच्याच जोरावर. म्हणजे मळ काढणारा आणि मांस जाळणारा पदार्थ मुळात एकच. फरक काय तो मात्रेचा!

साबणासाठी आज जो खार वापरतात, तो कॉस्टिक सोडा. दिसावयास तो पांढऱ्या शुभ्र कणांसारखा, साबुदाण्याच्या जवळचा. परंतु ओल्या त्वचेवर पडला तर भाजतो आणि डोळ्यात गेला तर दृष्टी घेऊ शकतो. याचा अनुभव आम्हांस आहे. काही वर्षांपूर्वी विज्ञान मंडळात मुलांना साबण करून दाखवावा, अशी हौस आम्हांस वाटली. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. पुस्तकातील कृती घाईने वाचली आणि भांड्यात सोडा आधी घालून त्यावर पाणी ओतले. क्षणार्धात ते पाणी खदखदले आणि त्याचे शिंतोडे आमच्या मनगटावर उडाले. समोर वीस मुले उभी होती. एखाद्याचा डोळा असता तर? त्या विचाराने आजही आमच्या अंगावर काटा येतो. मनगटावरील डाग तेव्हापासून आमचा गुरू झाला आहे. त्याने शिकविलेले चार नियम येथे देतो, आणि वडीलधाऱ्या जाणत्या माणसावाचून कोणत्याही विद्यार्थ्याने हा प्रयोग करू नये, असे बजावून सांगतो.

पहिला नियम असा की, सोडा नेहमी पाण्यात घालावा, थोडा थोडा, ढवळीत. पाणी सोड्यावर कधीही ओतू नये. थंड पाणी घेतले तरी ते मिश्रण उकळीच्या जवळ तापते. म्हणून काम मोकळ्या हवेत करावे आणि वाफेवर तोंड धरू नये. दुसरा नियम भांड्याचा. जर्मनचे पातेले किंवा कल्हईचे भांडे घेऊ नये. जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम. सोडा त्याला खातो आणि पेट घेणारा हायड्रोजन वायू सोडतो. स्टीलचे भांडे घ्यावे आणि ते पुन्हा स्वयंपाकात आणू नये. तिसरा नियम पोशाखाचा. डोळ्यांना बंदिस्त चष्मा, हातांत रबरी मोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि पायांत बूट हवेत. चौथा नियम अपघाताचा. शिंतोडा उडालाच तर वाहत्या पाण्याखाली निदान पंधरा-वीस मिनिटे तो भाग धुवावा. डोळा असेल तर धूत धूतच डॉक्टर गाठावा. लिंबू, व्हिनेगर यांनी खार मारावयास जाऊ नये. सुश्रुताने क्षारावर आंबट पदार्थ सांगितले आहेत हे खरे. परंतु ते काम वैद्याच्या हातचे. अपघातात पाणी हेच पहिले औषध.

मात्र याहून मोठा धडा मापाचा आहे. प्रत्येक तेलाला खार किती लागतो, हे ठरलेले असते. १ किलो खोबरेल तेलास सुमारे १८३ ग्रॅम शुद्ध कॉस्टिक सोडा लागतो. तेवढ्याच शेंगदाण्याच्या तेलास सुमारे १३५ ग्रॅम आणि एरंडेलास १३० ग्रॅमच्या आसपास. खार कमी पडला तर साबण तेलकट होतो. जास्त झाला तर उरलेला खार वापरणाराच्या अंगाला झोंबतो. म्हणून जाणते लोक हिशेबाच्या शंभर भागांतील पाच भाग सोडा मुद्दाम कमी घेतात, म्हणजे थोडे तेल शिल्लक राहिले तरी चालेल, पण खार उरता कामा नये. अंदाजपंचे, मुठीने किंवा चमच्याने हे काम होत नाही, काटा लागतो. सोड्याचे पाणी निवल्यावर कोमट तेलात ओतून ढवळीत राहिले की मिश्रण दाट होते आणि पृष्ठभागावर ओढलेली रेघ तशीच राहते. मग ते साच्यात ओतावे, दोन दिवसांनी वड्या पाडाव्यात आणि हवेशीर जागी चार ते सहा आठवडे मुरू द्याव्यात. एवढे झाले म्हणजे जो पदार्थ हात जाळीत होता, तो तान्ह्या मुलाचे दुपटे धुण्याइतका सौम्य होऊन जातो. खार नाहीसा झाला, तो दडपल्यामुळे नव्हे. त्याला पुरते काम मिळाले म्हणून.

आता अर्देशीरांसमोरील अडचण वाचकांस उलगडेल. विलायतेत साबणासाठी जनावरांची चरबी सर्रास वापरीत. ती स्वस्त, आणि तिचा साबण टणक उतरे. हिंदुस्थानात मात्र तिचे वावडे होते. कोणाला गाईची निषिद्ध, कोणाला डुकराची, तर कोणाला कोणत्याच प्राण्याची चालत नसे. १८५७ साली काडतुसांच्या चरबीवरून केवढा वणवा पेटला, हे आपण इतिहासात वाचतोच. अशा देशात साबणाची वडी घरात आणावयाची म्हणजे शंकाही बरोबर आणावयाची. उज्जयिनीच्या आजीबाईंच्या आजेसासूंचा हट्ट खुळा नव्हता. त्यांना स्वच्छता नको होती असे नव्हे. त्यांना फसवणूक नको होती.

वनस्पतींच्या तेलाचा साबण जगात पूर्वी कोणी केलाच नव्हता, असे कित्येकदा लिहिले जाते. ते बरोबर नाही. सिरियातील अलेप्पो नगरीत आणि स्पेनमध्ये ऑलिव्हच्या तेलाचा साबण शतकानुशतके बनत होता. परंतु आपल्याकडे ऑलिव्ह कोठून आणावयाचा? आपल्या तेलांपैकी बहुतेकांचा साबण मऊ आणि पाण्यात लवकर विरघळणारा. खोबरेलाचा टणक व फेसाळ खरा, पण निव्वळ त्याचा केला तर त्वचा कोरडी पाडतो. चरबीच्या साबणाइतका टिकाऊ, सुखद आणि बाजारात विलायती मालाच्या बरोबरीने उभा राहील, असा तेलाचा साबण मोठ्या प्रमाणावर तयार करणे, हे खरे आव्हान होते. पहिले महायुद्ध संपत आले असता, १९१८ च्या सुमारास, पन्नाशीला पोहोचलेल्या अर्देशीरांनी हे काम अंगावर घेतले. ज्या वयात माणसे मिळविलेल्याचा हिशेब करीत बसतात, त्या वयात ते तेलांचे आणि खाराचे नवे माप शिकत होते.

त्यांच्या पहिल्या साबणाचे नाव होते चावी. कुलपांच्या कारखान्यातून आलेल्या साबणाला याहून साजेसे नाव कोणते? त्यात प्राण्याची चरबी नव्हती आणि तसे उघडपणे सांगितले होते. त्यानंतर अंगाचा साबण आला. त्याला त्यांनी नंबर दोन असे नाव दिले. नंबर एक मागाहून, १९२२ साली आला. दुसऱ्या क्रमांकाचा माल जर इतका चांगला, तर पहिल्याचा केवढा असेल, असे गिऱ्हाइकाने म्हणावे, अशी त्यामागील युक्ती असल्याचे सांगतात. सत्यनिष्ठ माणूस चतुर असू नये, असा काही नियम नाही! रवींद्रनाथ ठाकूर यांच्यासारख्या थोर व्यक्तींनी या साबणाचा पुरस्कार केला.

स्वदेशीविषयी अर्देशीरांचे मत सर्वसाधारण मताहून थोडे निराळे होते. १९०५ नंतर स्वदेशीची लाट आली, तेव्हा माल कसाही असला तरी देशी म्हणून तो घ्यावा, असे अनेकांस वाटे. अर्देशीर देशभक्त खरे. परंतु देशाच्या नावावर निकृष्ट माल खपविणे त्यांना मान्य नव्हते. देशी मालाने गुणांवर टिकावे, ग्राहकाच्या भावनेवर जगू नये, असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या देशभक्तीविषयी शंका घेण्यास मात्र कोणास जागा नव्हती. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी महात्मा गांधींनी एक कोटी रुपयांचे आवाहन केले, तेव्हा अर्देशीरांनी ३ लक्ष रुपये दिले. रोजंदारी आण्यांत मोजली जाणाऱ्या त्या काळात या रकमेचे वजन किती, याचा हिशेब विद्यार्थ्यांनीच मांडून पाहावा.

१९२८ साली वयाच्या साठाव्या वर्षी त्यांनी आपले उद्योग पिरोजशांच्या स्वाधीन केले आणि ते नाशिकला जाऊन राहिले. तेथे त्यांनी शेतीचे प्रयोग आरंभिले. वकिली, शस्त्रक्रियेची उपकरणे, कुलपे, तिजोऱ्या, साबण आणि शेवटी माती, असा हा प्रवास. नाशिकही सिंहस्थाचेच क्षेत्र. तेथे गोदावरीवर रामकुंड, इकडे क्षिप्रेवर रामघाट. १९३६ च्या आरंभी त्यांनी जगाचा निरोप घेतला. त्यांच्यामागे वारस म्हणावे असे मूल नव्हते. पण ज्या घरात त्यांचे नाव कोणास ठाऊक नव्हते, तेथेही मोरीच्या कोनाड्यात त्यांच्या हातची वस्तू होती.

या चरित्राचा विचार करताना आम्हांस पुनःपुन्हा एक गोष्ट जाणवते. सत्य हाही एक तीव्र खार आहे. तो नुसता हाती घेतला, तर प्रथम आपलाच हात भाजतो. अर्देशीरांचा तो दोनदा भाजला. झांजिबारला त्यांनी व्यवसाय गमावला आणि उपकरणांच्या ठशापायी भांडवल. तेथेच ते थांबले असते, तर कटुता तेवढी उरली असती, मापाबाहेर पडलेल्या खारासारखी. परंतु त्यांनी त्या सत्याला काम दिले. कुलपात त्याची हमी झाली आणि साबणाच्या वडीत त्याचा निर्मळ फेस झाला. साबणात जे आहे ते सांगावे आणि जे सांगितले ते त्यात असावे, एवढी साधी ही गोष्ट. पण तेवढ्यासाठी एका माणसाला आयुष्याची तीस वर्षे वेचावी लागली.

परत येण्यापूर्वी शेवटच्या सायंकाळी आम्ही पुन्हा रामघाटावर गेलो. आरतीचे दिवे पाण्यावर हलत होते. क्षिप्रेचा प्रवाह आता आपल्या बळावर पुरत नाही; २०१४ पासून नर्मदेचे पाणी नळांवाटे आणून तिच्यात सोडावे लागते. खान नदीतून येणाऱ्या शहरांच्या मैल्याचेही तिच्यावर ओझे आहे. अशा नदीत आपल्या अंगाचा साबण, मग तो कितीही शुद्ध असो, आपण का सोडावा? आजीबाईंचे पहिले कारण त्या वेळी आम्ही हसण्यावारी नेले होते. आता त्याचा अर्थ कळला. दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्या मुलांनी धर्मशाळेच्या मोरीवर बादलीभर पाण्यात साबण लावून स्नान केले आणि नदीत केवळ हात जोडून बुडी मारली.

आजीबाई मात्र पुन्हा भेटल्या नाहीत. त्यांना उत्तर द्यावयाचे राहून गेले. यंदा आमच्या विज्ञान मंडळाच्या मुलांनी योग्य ती काळजी घेऊन, काट्यावर मोजून, निव्वळ खोबरेल तेलाच्या वड्या केल्या आहेत. कपडे धुण्यासाठी त्या उत्तम आहेत. ज्या विद्यार्थिनीने घाटावर वडी पुढे केली होती, तिने प्रत्येक वडीभोवती कागद गुंडाळला आणि त्यावर मोठ्या अक्षरांत तेल किती, सोडा किती, पाणी किती, हे लिहिले. वेष्टनावर कंपनीचे नाव नाही, ठसा नाही. तिला विचारले असता तिने सांगितले की, कोणी आजी विचारतील तर उत्तर तयार असावे.